क्योटो, मे महिना, सोबत आई: खरेदी कुठे, रात्री काय आणि कला खरी कुठे बघायची?

पर्वतीवाली

मे महिन्यात जपानला जायचं पक्कं झालंय, मी, नवरा आणि माझी आई (वय ६७, गुडघे ठीकठाक, उत्साह माझ्यापेक्षा जास्त). टोकियोत थोडेच दिवस, क्योटोला मात्र १९ ते २६ मे असा सलग मुक्काम ठेवलाय, हॉटेल शिजो-कावारामाचीच्या जवळ. देवळांची यादी सगळीकडे मिळते, ती आम्ही बघूच. मला विचारायचंय ते वेगळंच.

आईला खरेदीचा नाद आहे पण फ्रिजला चिकटवायची चुंबकं आणि प्लास्टिकचे पंखे तिला चालत नाहीत, तिला "हे तिथली माणसं खरंच वापरतात का" असं विचारून घ्यायचं असतं, आणि कापड दिसलं की ती हलत नाही. मग अशी दुकानं कुठे? दुसरं, नवरा म्हणतो क्योटो सहा वाजता झोपतं, संध्याकाळी हॉटेलात बसून काय करायचं? आईला घेऊन जाता येईल असं रात्री काही आहे का, आणि ती झोपल्यावर आम्हा दोघांना बाहेर पडायचं असेल तर? आणि गेइशा वगैरे बघायची फार इच्छा आहे पण रस्त्यात कुणाच्या मागे कॅमेरा घेऊन धावायचं नाहीये. काहीतरी नीट, तिकीट काढून, बसून बघता येईल असं सांगा. बजेट मध्यम. आई शाकाहारी, अंडं चालतं.

ओसाकाकर

शिजो-कावारामाची म्हणजे जागा मोक्याची घेतलीत, संध्याकाळचं सगळं चालत होईल.

आधी रात्रीचंच सांगतो कारण त्यावर दिवसाचं गणित बसतं. नवऱ्याचं अर्धं बरोबर आहे. दुकानं खरंच लवकर मिटतात, निशिकी मार्केट पाच-साडेपाचला आवरायला लागतं, जुनी घराण्याची दुकानं सहाला बंद आणि आठवड्यातून एखादा वार सुट्टी, तो प्रत्येकाचा वेगळा, त्यामुळे निघायच्या आधी मॅपवर बघायचंच. म्हणून खरेदी सकाळी करा, दुपारी आईंना जरा पाठ टेकू द्या आणि सहानंतर नदीकडे वळा. तिथे क्योटो झोपत नाही, आवाज कमी करतं इतकंच.

शिजोचा पूल धरून चाला. पुलाच्या पश्चिमेला पोंतोचो, दोन माणसं छत्री घेऊन समोरासमोर आली तर एकाने छत्री तिरकी करावी लागेल इतकी अरुंद गल्ली, कंदील, लाकडी दारं, आत उपाहारगृहं. त्याच्या मागे समांतर कियामाची, मधून ताकासे कालवा वाहतो, तो सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मालाच्या होड्यांसाठी खणला, आता त्याच्या काठाने बार आणि इझाकाया, म्हणजे पिता पिता खायच्या खाणावळी. पुलाच्या पूर्वेला मिनामिझा हे काबुकीचं (जुन्या धाटणीच्या नाटकाचं) थिएटर आणि पुढे गिओन, गेइशांचा जुना मोहल्ला.

मे महिन्यात जाताय म्हणून युका चुकवू नका. कामो नदीच्या पश्चिम काठावरची हॉटेलं मेपासून उन्हाळा संपेपर्यंत मागच्या बाजूला लाकडी मांडव उभारतात, खालून पाणी वाहतं, वर बसून जेवायचं. रात्रीचा पूर्ण कोर्स महाग पडतो. पण मेमध्ये बरीच ठिकाणं दुपारीही युका चालवतात आणि तेव्हाचा दर पुष्कळ कमी असतो, ऊन अजून सोसण्यासारखं असतं. अजून स्वस्तात पाहिजे तर सान्जो पुलाजवळच्या स्टारबक्सलाही सीझनमध्ये स्वतःची युका असते, कॉफीच्या पैशात तोच वारा. पाऊस आला की सगळ्यांना आत हलवतात, ते लक्षात ठेवून बुकिंग करा.

इझाकायात बसल्या बसल्या न मागवलेली छोटी वाटी पुढे येते, तिला ओतोशी म्हणतात, बिलात माणशी तीन-पाचशे येन लागतात, ती फसवणूक नाही, बसायचं भाडं समजा. फसवणूक वेगळी असते: कियामाचीत रात्री रस्त्यावर उभं राहून "या या, अमर्याद ड्रिंक्स" करणारे जे असतात त्यांच्या मागे जायचं नाही. दारावर किमतीचा बोर्ड असलेल्या ठिकाणीच शिरा.

हॉटेलवर शहराचा कर वेगळा द्यावा लागतो, मार्च २०२६ पासून तो वाढलाय, खोलीच्या दरानुसार माणशी दर रात्री २०० येनपासून थेट १०,००० पर्यंत. मध्यम बजेटला ४०० धरून चाला.

निशीकासाईची_ताई

आईंचं मन मला कळलं बरं का. माझ्या सासूबाई येतात तेव्हा हाच प्रश्न असतो त्यामुळे खरेदीचं मी सांगते.

पहिली गोष्ट, तारखा तुम्ही न ठरवता सोन्यासारख्या निवडल्यात. दर महिन्याच्या २१ तारखेला तोजी देवळाच्या आवारात जुना बाजार भरतो, कोबो-सान म्हणतात त्याला, आणि २५ तारखेला कितानो तेन्मान्गूला तेन्जिन-सान. दोन्ही तुमच्या मुक्कामात येतात! तोजीचा कोबो दाइशी या बौद्ध गुरूंच्या पुण्यतिथीच्या तिथीवर भरतो, कितानोचा मिचिझाने या जुन्या विद्वानाच्या जन्म-मृत्यूच्या तारखेवर, म्हणून वार कुठलाही असो तारीख हलत नाही. तोजीला हजाराच्या वर स्टॉल असतात. जुने किमोनो ढिगाने, चिनीमातीच्या बश्या, लाखेचे वाडगे, गंजलेली हत्यारं, रोपं, लोणची, सगळं एकत्र. भाव विचारायला हरकत नाही पण तुळशीबागेसारखं अर्ध्यावरून सुरुवात करू नका, दोन-तीन वस्तू एकत्र घेऊन हसत "थोडं कमी?" एवढंच चालतं. रोख पैसे न्या.

जुन्या किमोनोपेक्षा माझं मत ओबी घ्या. किमोनो घरी आणून कुणी घालत नाही, कपाटात पडतो. ओबी म्हणजे कमरेचा पट्टा, साधारण ३० सेंटिमीटर रुंद आणि चार मीटरच्या वर लांब, जड रेशीम, जर. जेवणाच्या टेबलावर मधोमध पसरा, भिंतीवर लावा, कापून उशांचे अभ्रे करा (कापताना मला रडू येतं पण लोक करतात). नवा निशिजिनचा (क्योटोतला विणकरांचा भाग) ओबी लाखांत जातो आणि बाजारात तसाच वापरलेला काही हजार येनला मिळून जातो कारण जपानी लोकांना स्वतःलाच ते आता नकोयत. उजेडात उलगडून डाग बघा, घडीवर रेशीम चिरलंय का बघा, वास घ्या.

आता नवीन वस्तू. निशिकी मार्केट ४०० मीटरभर लांब छपराखालची गल्ली, शंभरावर दुकानं, तिथे चालत चालत खाऊ नका, विकत घेतलं त्याच दुकानापुढे उभं राहून संपवायचं. त्यात आरित्सुगु नावाचं सुऱ्यांचं दुकान आहे, १५६० सालापासूनचं, आधी तलवारी करायचे. सुरीवर नाव कोरून देतात. शुद्ध पोलादाची घेतली तर पुण्यात पावसाळ्यात रोज पुसून ठेवावी लागेल, नाहीतर गंजते, त्यापेक्षा स्टेनलेसवाली मागा. सुरी चेक-इन बॅगेतच, हँडबॅगेत टाकलीत तर एअरपोर्टवर सोडून यावी लागेल.

मग तेरामाची रस्त्याने उत्तरेला चालत जा. छपराखालचा भाग संपता संपता क्यूक्योदो लागतं, १६६३ सालचं, उदबत्ती, ब्रश, शाई, हाताने केलेला कागद. आमच्या सासूबाई तिथे उदबत्त्यांचा वास घेत इतका वेळ बसल्या की त्यांना स्टूल आणून दिलं. अजून वर गेलात की इप्पोदो, चहा, १७१७ पासून, तिथे बसून चहा पिता येतो आणि कसा करायचा तेही दाखवतात. सान्जो पुलाच्या पश्चिम टोकाला नाइतो म्हणून झाडू आणि ब्रशांचं दुकान आहे, १८१८ चं, हसू नका, ताडाच्या काथ्याचा छोटा ब्रश घ्या भांडी घासायला, तुमची आई म्हणते तशी "तिथली माणसं खरंच वापरतात" अशी यापेक्षा वस्तू नाही. काइकादोचे चहाचे डबे पाहा, पत्र्याचे आणि तांब्याचे, झाकण वर ठेवलं की आपोआप सावकाश खाली सरकत बसतं, महाग आहेत, पण नुसतं झाकण लावून बघायलाही मजा येते.

कियोमिझुच्या चढावरची दुकानं मी तरी घाईत पार करते. मातीची भांडी बघायची असतील तर खाली गोजोझाकाला कावाइ कान्जिरो या कुंभाराचं घर आहे, आता म्युझियम, मागे टेकडीसारखी चढती भट्टी, घरातलं फर्निचरही त्याने स्वतः आखलेलं. सोमवारी बंद असतं. आईंना निवांत बसायला आवडेल.

टॅक्स फ्रीचं: एका दुकानात एका दिवसात ५,००० येनच्या वर झालं की पासपोर्ट दाखवून १० टक्के वाचतात, मेमध्ये ते दुकानातच होईल. १ नोव्हेंबर २०२६ पासून आधी पूर्ण पैसे भरायचे आणि जाताना एअरपोर्टवर परत मिळवायचे अशी पद्धत येतेय, पुढे जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवा.

येवलेकर

कापडाचा विषय निघाला म्हणून लिहितो, आमच्या घरात तीन पिढ्या माग आहे.

आईंना निशिजिनला न्याच. गावाच्या वायव्येचा भाग, कितानोच्या देवळापासून लांब नाही, म्हणजे २५ तारखेला दोन्ही एकाच दिवशी उरकतं. ओनिनच्या लढाईत (१४६७ ते ७७) पश्चिमेकडच्या सैन्याची छावणी तिथे होती, लढाई संपल्यावर पांगलेले विणकर परत येऊन त्या जागी बसले. आजही गल्लीतून चालताना एखाद्या घरातून मागाचा खडखडाट येतो, पूर्वीइतका नाही, पण येतो.

तिथे बऱ्याच जातीचं विणकाम होतं पण त्यातलं त्सुझुरे शोधा. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मागासमोरून उठलोच नाही, कारण ती आपली पैठणीच्या पदराची रीत आहे. बाणा (आडवा धागा) या काठापासून त्या काठापर्यंत जात नाही, प्रत्येक रंगाची वेगळी कांडी, त्या रंगाचं फूल जेवढं आहे तेवढ्यातच जायचं आणि वळायचं. ताण्याच्या (उभ्या धाग्यांच्या) खाली नक्षीचा कागद. उलट सुलट दोन्हीकडून नक्षी सारखी. फरक म्हणजे बाणा ठोकायला ते नखं वापरतात, बोटांची नखं कानशीने करवतीच्या दातांसारखी खाचे पाडून ठेवलेली असतात आणि त्यांनी एकेक धागा ओढून बसवतात. बारीक नक्षी असेल तर दिवसाला बोटभर कापड होतं. आईंना पैठणी नीट बघायची सवय असेल तर त्यांना दुभाष्याची गरज पडणार नाही.

जरीचं मात्र वेगळं आहे. आपल्याकडे धाग्याभोवती तार गुंडाळतात. तिथे हाताच्या कागदावर लाख लावून त्यावर सोन्याचा वर्ख चिकटवतात, मग तो कागदच धाग्याएवढ्या बारीक पट्ट्यांत कापतात आणि ती पट्टी बाण्यात घालतात, एकेक पट्टी आकडीने ओढून. म्हणून जुना ओबी घेताना सोनेरी भागावर बोट फिरवून पाहा, वर्ख सुटत असेल तर घडी घालून ठेवू नका, गुंडाळून ठेवा.

ताईंनी ओबी घ्या म्हटलं ते पटलं, त्यात भर: निशिजिनच्या ओबीला कागदी लेबल असतं, दोन गोल जोडल्यासारखं, चष्म्याच्या आकाराचं, त्यावर विणणाऱ्या घराण्याचा नंबर छापलेला. जुन्या मालावर ते बहुतेक वेळा टिकलेलं नसतं पण असलं तर माल कुठला ते कळतं.

एक अजून. जुलैत गिओन मात्सुरी असते, तेव्हा रथांना चहूबाजूंनी भारी कापडं आणि गालिचे लटकवतात. त्यात सोळाव्या शतकातले बेल्जियमचे पडदे आहेत आणि आपल्याकडून गेलेले गालिचेही, काही तर दख्खनचे आहेत असं अभ्यासकांनी ठरवलंय. डच व्यापाऱ्यांच्या गलबतांतून गेलेला माल. आपल्याकडे त्या काळचे तसे गालिचे फार थोडे उरले आणि तिथे मोहल्ल्याच्या लोकांनी वर्षातून एकदा काढून परत पेटीत घालून ते सांभाळले. तुम्ही मेमध्ये जाताय त्यामुळे मिरवणूक नाही मिळणार.

बोरिवली_फास्ट

स्पष्ट बोलू का, क्योटो आता ओव्हररेटेड झालंय. गिओनमध्ये अर्धी गर्दी भाड्याचा किमोनो घालून फोटो काढणाऱ्यांची, निशिकीत काठीला खोचलेलं कायपण विकतात, कलेचे शो म्हणजे परदेशी लोकांसाठी मांडलेलं दुकान. त्यापेक्षा कानाझावाला जा, सोन्याचा वर्ख तिथला, जुने टी-हाउसवाले मोहल्ले आहेत, गर्दी कमी.

क्योटोत_पीएचडी

कानाझावा छानच आहे, वाद नाही, जपानातला जवळजवळ सगळा सोन्याचा वर्ख तिथेच होतो, येवलेकर म्हणतात त्या ओबीतला सुद्धा. पण "परदेशी लोकांसाठी मांडलेलं" यावर थोडं बोलतेच.

१८६९ ला सम्राट टोकियोला गेले आणि क्योटोचं गिऱ्हाईकच उठून गेलं. दरबार गेला, त्याच्याबरोबर सरदार गेले, भारी रेशीम घेणार कोण? मग शहराने तीन-चार गोष्टी एकदम केल्या, आणि सगळ्या १८७२ च्या आसपास. बाहेरची माणसं यावीत म्हणून मोठं प्रदर्शन भरवलं, त्या प्रदर्शनाला जोड म्हणून गिओनच्या गेइकोंचा (क्योटोत गेइशांना गेइको म्हणतात) मियाको ओदोरी (ओदोरी म्हणजे नाच) आणि पोंतोचोचा कामोगावा ओदोरी सुरू केला, शिन्क्योगोकु हा बाजाररस्ता काढला, आणि निशिजिनच्या तिघांना फ्रान्सला लिओनला धाडलं जॅकार्ड (यंत्राने नक्षी विणणारा) माग शिकून यायला. त्यातला एक जण परत येताना जहाज बुडून गेला, बाकीच्या दोघांनी माग आणले. म्हणजे पाहुण्यांपुढे तिकीट लावून नाचणं ही काल-परवाची भेसळ नाहीये, ते नाच जन्मालाच तसे आले आणि त्यांच्यावर शहराचा धंदा तगला. परक्यासाठी केलं म्हणून खोटं असं इथे चालत नाही.

तर पर्वतीवाली, तुम्हाला हवं ते तिकीटवालं उत्तर हेच आहे: कामोगावा ओदोरी. मेमध्येच होतो, तुमच्या हॉटेलपासून चालत. यंदाच्या तारखा आणि जागा पोंतोचोच्या साइटवर आधी बघा आणि शक्य तितक्या लवकर काढा कारण शेवटच्या आठवड्यापर्यंत चालेलच असं नाही. चहासकटचं तिकीट घ्या, शोच्या आधी गेइको समोर माच्चा (हिरव्या चहाची पूड घुसळून केलेला चहा) करते, बरोबर गोड येतं आणि ती बशी घरी न्यायला देतात. आईंच्या बॅगेत फुकटची सर्वात चांगली वस्तू तीच असेल.

बघताना एक करा, नाच कळला नाही तरी चालेल, माइकोच्या (शिकाऊ गेइकोच्या) अंगावर काय आहे ते वरून खाली वाचत जा. डोक्यात रेशमाच्या फुलांच्या खोपा-पिना, त्या महिन्यागणिक बदलतात, मेमध्ये विस्टेरियाचे जांभळे घोस, जूनमध्ये विलोची पानं. केस तिचे स्वतःचे असतात, मोठ्या गेइको विग घालतात. नवीकोरी माइको असेल तर फक्त खालच्या ओठाला लाल. पाठीवर लोंबणारा ओबी पाच मीटरच्या वर, निशिजिनचा, त्याच्या टोकाला ती ज्या घरात राहते त्या घराची खूण, आणि तो बांधायला पुरुष येतात कारण ताकद लागते. हातात पंखा, पायात उंच लाकडी ओकोबो. या प्रत्येक वस्तूचं शहरात वेगळं घराणं आहे आणि त्या घराण्यांचं खरं गिऱ्हाईक या मुली आहेत, आपण नाही. दुसऱ्या दिवशी दुकानात गेलात की आईंना त्याच वस्तू काउंटरवर ओळखू येतील. म्हणून माझा सल्ला, शो आधी आणि खरेदी नंतर.

ओदोरी नाहीच मिळाला तर गिओन कॉर्नर आहे, तिथे तासाभरात चहा, कोतो (तंतुवाद्य), फुलांची मांडणी, गागाकु (दरबारी संगीत), क्योगेन (विनोदी नाटुकलं), माइकोचा नाच असं थोडं थोडं सगळं दाखवतात. पोट भरत नाही पण आईंना कुठलं आवडलं ते कळतं. जून १-२ ला हेइआन देवळात मशालींच्या उजेडात नोह (मुखवट्यांचं जुनं नाटक) होतं, तुमचं हुकतंय.

गिओनच्या गल्ल्यांचं: मुख्य हानामिकोजी रस्त्याने खुशाल चाला, पण बाजूच्या खाजगी गल्ल्यांत २०२४ पासून पर्यटकांना मनाई आहे, तिथे शिरणं-फोटो काढणं याला १०,००० येन दंडाचे बोर्ड लावलेत. संध्याकाळी सहाच्या सुमाराला माइको कामाला निघतात, दिसली तर बाजूला व्हा आणि जाऊ द्या. ओचायात, म्हणजे गेइको जिथे पाहुण्यांची सरबराई करतात त्या घरांत, ओळखीशिवाय प्रवेश नाही, पैशाचा माज नाही हो तो, तिथे त्या रात्री बिलच देत नाहीत, जेवण, गेइकोंची हजेरी, टॅक्सी सगळं घरमालकीण भागवते आणि हिशोब नंतर घरी पाठवते. मग अनोळखी माणसाला उधारी कशी देणार?

आणि आई झोपल्यावरचं. दोन जागा. ताकुताकु, साके साठवायच्या जुन्या कोठारात १९७४ पासून चालू असलेलं लाइव्ह हाउस, ब्लूज, रॉक, लाकडी खांब, तुमच्या हॉटेलपासून पायी. दुसरी क्लब मेट्रो, जिन्गू-मारुतामाची स्टेशनच्या जिन्यातच आहे, खरंच, रेल्वेने जायचं तर वर यायचीही गरज नाही, १९९० चा. गंमत म्हणजे जपानात परवान्याशिवाय रात्री उशिरा नाचू देणं हा गुन्हा होता, तो कायदा २०१५ मध्ये बदलला, तोपर्यंत क्लबात "नाचू नये" अशा पाट्या असायच्या.

पैसे न घालवता सर्वात छान रात्र मात्र नदीकाठी. दुकानातून कॅन घ्या, शिजो ते सान्जो काठावर जाऊन बसा, बाहेर बसून पिणं इथे कायद्याने चालतं. जोडपी इतक्या सारख्या अंतरावर बसलेली असतात की कुणी पट्टी लावून बसवलंय असं वाटतं. दिवसा उत्तरेला देमाचीकडे गेलात तर हातातलं खाणं सांभाळा, घारी वरून येऊन उचलतात.

पर्वतीवाली

बाप रे, एवढं सगळं! आईला येवलेकरांची पोस्ट मोठ्याने वाचून दाखवली, ती आता म्हणते टोकियो रद्द करा. ओदोरीचं तिकीट आजच बघते.

खाण्याचं राहिलं. आणि नवऱ्याला साके चाखायचीय पण बारमध्ये बसून यादी न वाचता येणं वगैरे नको म्हणतो. शिवाय रोज बस धरायची का?

निशीकासाईची_ताई

खाण्यात मांस दिसतं ते टाळता येतं, न दिसणारं दाशी हे खरं संकट, मासा वाळवून केलेलं पाणी, ते भाजीत, सूपमध्ये, सोबा नूडल्सच्या रसात, कधी लोणच्यातही. "निकु तो साकाना वा ताबेमासेन, कात्सुओ-दाशी मो दामे देसु" हे कागदावर जपानीत लिहून ठेवा आणि दाखवा. देवळातलं शोजिन र्योरी हे पूर्ण बिनमांसाचं, कोंबु नावाच्या समुद्री शेवाळाच्या दाशीवर, आराशियामाच्या तेन्र्यूजीत शिगेत्सु आहे, दुपारी, आधी बुकिंग. मात्र कांदा-लसूणही नसतो, चव अगदी हलकी, आईंनी चटणीची डबी पर्समध्ये ठेवली तर मी काही बोलणार नाही. गोडात नामा यात्सुहाशी बिनधास्त, तांदळाच्या पिठाची पातळ पारी, दालचिनी, आत लाल बिन्सचं गोड सारण. देमाचीच्या फुताबाचं मामे-मोची (१८९९ चं दुकान) रांग असली तरी घ्या, त्याच दिवशी खायचं, दुसऱ्या दिवशी दगड होतो.

ओसाकाकर

साकेसाठी फुशिमीला जा, केइहान लाइनने चुशोजिमा, तिथून चालत. गेक्केइकान १६३७ सालचं, त्यांचं जुन्या कोठारातलं म्युझियम आहे, बघून झालं की चाखायला मिळतं, यादी वाचायची गरज नाही. फुशिमीचं पाणी मऊ म्हणून तिथली साकेही मऊ लागते, नवऱ्याला उन्हाळ्यात थंडच घ्यायला सांगा. आई तेवढ्यात कालव्याच्या काठाने फिरतील, रस्ता सपाट आहे.

बसचं म्हणाल तर शक्यतो टाळा, भाडं २३० येन सपाट आहे पण कियोमिझु-गिओनच्या बसमध्ये चढायलाच मिळत नाही, मोठी बॅग असेल तर लोक बघतात. केइहान रेल्वे नदीच्या पूर्व काठाने जाते, तीच वापरा. तिघे असल्यावर जवळच्या अंतराला टॅक्सीही फार महाग पडत नाही, दार आपोआप उघडतं, ओढू नका.

येवलेकर

निशिजिनला संध्याकाळपर्यंत थांबलात तर जवळच फुनाओका ओन्सेन आहे, १९२३ चं सार्वजनिक स्नानगृह, कपडे बदलायच्या खोलीत छताला आणि झडपांना लाकडी कोरीवकाम, भिंतीला रंगीत टाइल्स. बाया-पुरुष वेगळे, रात्री उशिरापर्यंत चालू, दर शहरातल्या साध्या सेंतोचा (सार्वजनिक स्नानगृहाचा). दिवसभर चालून आलेल्या गुडघ्यांना बरं. टॉवेल आपला न्या, नसला तर तिथे मिळतो.

पर्वतीवाली

आई आणि सार्वजनिक स्नानगृह 😄 विचारते. २१ ला तोजीला किती वाजता पोचायचं?

निशीकासाईची_ताई

सातपर्यंत. क्योटो स्टेशनवरून किंतेत्सुने एकच स्टेशन, तोजी, उतरून चालत दहा मिनिटं. चांगले ओबी नऊपर्यंत उचलले जातात, आणि मोठी रिकामी पिशवी घडी करून न्या, तिथे फार पातळ पिशव्या देतात.